गुन्ह्याच्या ‘प्रयत्ना’ची व्याख्या: कलम ६२ नव्याने लिहायचे झाले तर

प्रश्न थोडक्यात असा: भारतीय न्याय संहितेच्या कलम ६२ ने जुन्या दंड संहितेच्या कलम ५११ ची भाषा जवळपास जशीच्या तशी उचलली. कायदा खरोखर सुधारायचा म्हटला, तर ‘प्रयत्न’ म्हणजे काय हे कलमातच सांगता येईल का? तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो, ही रेषा शब्दांत पकडता येईल का?

सांगता येईल, आणि सांगायलाच हवे. पण बहुतेक मसुदे फसतात, कारण रेषेसाठी एक नेमका शब्द शोधण्यातच सगळी ताकद खर्ची पडते. ‘शेवटची कृती’, ‘निकटची कृती’, ‘ठोस पाऊल’, ‘नुसत्या तयारीपलीकडची कृती’ हे सगळे शब्द कुठल्या ना कुठल्या देशात वापरून झाले आहेत आणि त्या प्रत्येकाखाली वकिलांनाही चक्रावून टाकणारे निकाल लागले आहेत. आधी ठरवायची गोष्ट वेगळीच आहे. पोलिसांनी किती लवकर हात घालावा असे आपल्याला वाटते? आणि त्याच्याही आधीच्या टप्प्यासाठी नाव घेऊन वेगळा गुन्हा ठेवायचा की नाही? याचे उत्तर न देता व्याख्या लिहायला बसलात, तर आधीच्या टप्प्याचा सगळा भार ‘प्रयत्न’ या एका कलमावर येतो. मग न्यायालये समोरचे प्रकरण पाहून ते कलम कधी ताणतात, कधी आवळतात.

आधी सध्याचे कलम नीट वाचू. जन्मठेपेच्या किंवा कारावासाच्या शिक्षेस पात्र असा अपराध करण्याचा जो कोणी प्रयत्न करील आणि ‘अशा प्रयत्नात’ त्या अपराधाच्या दिशेने कोणतीही कृती करील, त्याला, वेगळी तरतूद नसेल तर, त्या अपराधाच्या कमाल कारावासाच्या निम्म्यापर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. खाली दोन उदाहरणे आहेत. दागिने चोरायला पेटी फोडली, पेटीत दागिने नव्हते. खिसा कापायला हात घातला, खिसा रिकामा होता. दोघेही दोषी.

यात उणिवा कोणत्या? प्रयत्न म्हणजे काय, तर प्रयत्न करताना केलेली कृती. व्याख्या स्वतःभोवतीच फिरते. ‘दिशेने कोणतीही कृती’ हे शब्द इतके सैल आहेत की अक्षरशः वाचले तर सुरा विकत घेणेही त्यात बसेल. आरोपीच्या मनात काय असायला हवे, याचा उल्लेखच नाही. आणि कलमाने निःसंदिग्धपणे सोडवलेला एकमेव प्रश्न, म्हणजे अशक्यतेचा (जो अपराध घडणे मुळात शक्यच नव्हते, त्याचाही प्रयत्न ठरतो का), तोही मूळ मजकुरात नसून उदाहरणांत आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेले अपराध कलमाबाहेर राहतात, हे योग्यच. विशेष कायद्यांतले अपराधही बाहेर राहतात, म्हणून त्या त्या कायद्याला स्वतःचे प्रयत्नाचे कलम लागते. त्याकडे शेवटी येतो.

शिवाय संहितेत प्रयत्न तीन वेगवेगळ्या रीतींनी येतो, हे मसुदाकार बऱ्याचदा विसरतात. काही ठिकाणी पूर्ण अपराध आणि प्रयत्न एकाच कलमात, एकाच शिक्षेखाली आहेत: देशाविरुद्ध युद्ध पुकारणे (कलम १४७) किंवा दरोडा, ज्याच्या व्याख्येतच पाच किंवा अधिक जणांनी जबरी चोरीचा प्रयत्न करणे येते. काही ठिकाणी प्रयत्नाला स्वतंत्र कलम आहे: खुनाचा प्रयत्न कलम १०९, सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न कलम ११०. उरलेले सगळे ६२ मध्ये. नवी व्याख्या केवळ ६२ पुरती लिहिली तर १०९ मधला ‘प्रयत्न’ जुन्याच अर्थाने चालू राहील, कारण १०९ ची रचनाच निराळी आहे. तिथे ‘ज्यामुळे मृत्यू झाला असता तर खून ठरला असता अशा उद्देशाने किंवा जाणिवेने केलेली कृती’ अशी मांडणी आहे, म्हणजे नुसती जाणीवही पुरते. व्याख्या सर्वांना लागू करायची की फक्त उरलेल्यांना, हे पहिल्याच ओळीत लिहावे लागते.

आता रेषेकडे. आपल्याकडची तीन-चार प्रकरणे शेजारी शेजारी ठेवली की अडचण लगेच दिसते.

अभयानंद मिश्र (सर्वोच्च न्यायालय, १९६१) प्रकरणात आरोपीने पाटणा विद्यापीठाकडे एम.ए.च्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची परवानगी मागितली. आपण पदवीधर आहोत, शिक्षक आहोत, असे सांगून खोटी प्रमाणपत्रे जोडली. प्रवेशपत्र निघाले, पण त्याच्या हाती पडण्याआधी बिंग फुटले. न्यायालय म्हणाले, अर्ज तयार झाला तिथे तयारी संपली. अर्ज पाठवला त्या क्षणी प्रयत्न सुरू झाला. त्याच वर्षीच्या ओम प्रकाश प्रकरणात पत्नीला उपाशी ठेवून मारण्याचा आरोप होता. तिथे न्यायालयाने सांगितले की शेवटची किंवा उपांत्य कृती व्हायलाच हवी असे नाही. उपासमार हीच रोज होत जाणारी कृती आहे.

मग मलकियत सिंग. पंजाबातून भात बाहेर नेण्यास बंदी होती. ७५ पोती भाताचा ट्रक दिल्लीकडे निघाला होता आणि समालखा नाक्यावर, दिल्लीपासून ३२ मैलांवर, अडवला गेला. राज्याची हद्द अजून पुढे होती. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रयत्न नाही, तयारी आहे, असे ठरवले. कसोटी अशी: आरोपीने इथेच विचार बदलला आणि पुढे गेलाच नाही, तर आतापर्यंत केलेले सगळे निरुपद्रवी ठरेल का? भात पंजाबात फिरवण्यात गुन्हा नव्हता, म्हणून ती तयारी.

आणि महाराष्ट्र शासन विरुद्ध मोहम्मद याकूब (१९८०). १९६८ च्या सप्टेंबरातल्या एका रात्री कस्टमचे अधिकारी एका ट्रक आणि जीपच्या मागावर होते. वाहने वसईजवळच्या कामण खाडीपाशी थांबली, लहान पण जड गाठोडी उतरवून बाजूला ठेवली जाऊ लागली, आणि खाडीतून यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज आला. आत चांदीच्या विटा होत्या. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने ते कायम केले, सर्वोच्च न्यायालयाने उलटवले. खंडपीठाचे दोन न्यायमूर्ती एकाच निकालावर आले, पण वाटा वेगळ्या. न्या. सरकारिया यांनी कृती अपराधाच्या निकट होती यावर भर दिला. न्या. चिन्नप्पा रेड्डी म्हणाले, निकटता वेळ-अंतराने मोजायची नाही, उद्देशाच्या संदर्भात मोजायची: कृती आणि बाकीची परिस्थिती मिळून उद्देश पुरेशा खात्रीने उघड होतो का?

समालख्याची कसोटी कामणला लावून पाहा. बोटीपर्यंत न नेता चांदी परत फिरवली असती तर? निर्यात तरी झालीच नसती. त्या अर्थाने सगळे ‘निरुपद्रवी’च. वरवर पाहता दोन्ही कसोट्या एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. असू शकतात, पण मग फरक अंतराचा राहत नाही. फरक या गोष्टीचा राहतो की ट्रकचालकाच्या योजनेतला पुढचा टप्पा, म्हणजे कित्येक मैल गाडी चालवणे, तयारीचाच भाग होता. कामणला योजनेतला पुढचा टप्पा चांदी बोटीत चढवणे हा होता. योजनेत काय बाकी आहे, हा प्रश्न दोन्हीकडे नीट उत्तर देतो. चांगल्या व्याख्येचा कणा हाच असायला हवा, असे मला वाटते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण इंग्लंडचे. तिथला १९८१ चा गुन्हेगारी प्रयत्न कायदा ‘नुसत्या तयारीपलीकडची’ कृती मागतो. गेडिस प्रकरणात (१९९६) एक माणूस शाळेच्या मुलांच्या स्वच्छतागृहात सापडला. पिशवीत मोठा सुरा, दोर आणि चिकटपट्टी. मुलाला डांबून ठेवण्याच्या प्रयत्नाबद्दलची शिक्षा अपिलात रद्द झाली, कारण त्याने कुठल्याही विद्यार्थ्याशी संपर्कच साधला नव्हता. त्याआधीच्या कॅम्पबेल प्रकरणात आरोपी पोस्ट ऑफिसच्या दाराशी, खिशात बनावट पिस्तूल आणि धमकीची चिठ्ठी घेऊन पकडला गेला, तरी लुटीचा प्रयत्न ठरला नाही. याउलट आरोपीने गाडीत शिरून बंदूक रोखली पण खटका लॉक होता, त्या जोन्स प्रकरणात शिक्षा कायम राहिली. शब्द तोच, निकाल दोन टोकांचे. कायद्याचा शब्द रेषा आखत नाही, रेषेचा वाद फक्त दुसऱ्या नावाने चालू ठेवतो.

अमेरिकेतल्या १९६२ च्या नमुना दंड संहितेने वेगळा मार्ग घेतला. ‘ठोस पाऊल’ हवे आणि ते गुन्हेगारी उद्देशाची जोरदार पुष्टी करणारे हवे. मग पाऊल ठोस ठरवण्यास पुरेशा असू शकतील अशा परिस्थितींची यादी: दबा धरून बसणे, सावजाला आमिष दाखवून नेणे, जागेची पाहणी करणे, बेकायदा शिरणे, खास त्याच कामासाठीची सामग्री जवळ असणे वगैरे. कॅम्पबेल आणि गेडिस दोघेही यात बहुधा अडकले असते. पण किंमत अशी की पाहणी करणारा माणूसही अडकू शकतो आणि उद्देशाचा पुरावा ढिला असेल तर निरपराध माणूसही. रेषा इतकी आधी खेचली की उद्देश सिद्ध करण्याचा भार वाढतो, आणि तपासात तो कबुलीजबाबावर टाकण्याचा मोह होतो.

जर्मनीने १९७५ पासून अमलात असलेल्या कलम २२ मध्ये दोन गोष्टी जोडल्या: आरोपीच्या स्वतःच्या कल्पनेनुसार, अपराध घडवण्याकडे थेट हात घालणे. पाया आरोपीची योजना, रेषा ‘थेट’पणाची. वर कामण आणि समालख्याबद्दल जे म्हटले ते याच्या सगळ्यांत जवळ जाते.

आपल्याकडे हे काम पूर्वी झाले आहे. विधी आयोगाने १९७१ च्या बेचाळिसाव्या अहवालात ५११ काढून टाकून प्रयत्नावर स्वतंत्र प्रकरण घालायची शिफारस केली. व्याख्येत तीन अटी होत्या: अपराधाला लागणारा उद्देश किंवा जाणीव असताना त्या दिशेने कृती, ती कृती अपराधाशी जवळून संबंधित आणि निकट असणे, आणि आरोपीला माहीत नसलेल्या गोष्टींमुळे किंवा त्याच्या ताब्याबाहेरच्या परिस्थितीमुळे कृतीचा हेतू फसणे. त्या अहवालावर आधारलेले विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा ही व्याख्या हाताशी होती, तरी घेतली नाही.

घेतली नाही यात एका अर्थी बरेच झाले, कारण तिसरी अट घातक आहे. ‘हेतू फसणे’ हा घटक केला की सरकार पक्षाला अपयश सिद्ध करावे लागते. खटल्यात पुरावा पूर्ण अपराधाकडे झुकला तर आरोपी म्हणणार: माझ्यावर प्रयत्नाचा आरोप आहे, आणि मी तर यशस्वी झालो! शिवाय आरोपीने मधेच हात आखडला तर अपयश ‘ताब्याबाहेरच्या परिस्थितीमुळे’ नाही, म्हणजे तो प्रयत्नच नाही. स्वेच्छेने माघारीला पूर्ण माफी द्यायची का, हा मोठा धोरणाचा प्रश्न तिथे एका उपवाक्यात, बहुधा न ठरवताच, सोडवला गेला. अपयश हा प्रयत्नाचा नेहमीचा परिणाम आहे. त्याला घटक करू नये.

तर मसुदा असा काहीसा असावा:

(१) एखादा अपराध करण्याच्या उद्देशाने जो कोणी अशी कृती करतो, जी त्याच्या योजनेनुसार तो अपराध प्रत्यक्ष पार पाडण्याचा भाग आहे, आणि नुसती साधने, माहिती वा संधी मिळवण्याची नाही, तो त्या अपराधाचा प्रयत्न करतो.

(२) कृती पार पाडण्याचा भाग होती की तयारीचा, हे ठरवताना न्यायालय पाहील: (क) योजनेनुसार आरोपीला स्वतः आणखी काय करायचे बाकी होते, (ख) ज्या व्यक्ती, वस्तू वा जागेविरुद्ध अपराध करायचा तिच्यापर्यंत तो पोहोचला होता का, (ग) त्याने गोष्टी अशा मार्गी लावल्या होत्या का, की त्याने आणखी काही न करता अपराध घडला असता.

(३) आरोपीला माहीत नसलेल्या वस्तुस्थितीमुळे अपराध घडणे शक्य नव्हते, एवढ्यावरून कृती प्रयत्न ठरायची राहत नाही. वस्तुस्थिती आरोपीने मानली तशी होती असे धरून कृतीचा विचार केला जाईल.

(४) अपराधाच्या व्याख्येतील परिस्थितीविषयक घटकाबाबत, त्या अपराधाला जी मनःस्थिती पुरते तीच प्रयत्नालाही पुरेल; परंतु अपराधाला त्या घटकाबाबत कोणतीच मनःस्थिती लागत नसेल, तर प्रयत्नासाठी किमान बेपर्वाई लागेल.

(५) अपराध पूर्ण झाल्याचे दिसून आले, एवढ्यावरून प्रयत्नाबद्दल दोषी ठरवण्यास बाधा येणार नाही.

माघारीचे पोटकलम मुद्दाम वेगळे ठेवले आहे, ते पुढे.

आता हा मसुदा वरच्या प्रकरणांवर घासून पाहा. मसुदा तपासायची दुसरी रीत नाही. अभयानंद मिश्र: (ग) सरळ लागतो, अर्ज पाठवल्यावर त्याने करायचे काहीच उरले नव्हते. ओम प्रकाश: (ग) आणि (ख) दोन्ही. समालखा: (क) मध्ये लांबचा प्रवास बाकी, (ख) मध्ये हद्द गाठलेली नाही, तयारी. कामण: चांदी उतरवणे हा पार पाडण्याचा भाग, (ख) पूर्ण, प्रयत्न. कॅम्पबेल: दाराशी पोहोचला, पण आत जाऊन चिठ्ठी पुढे करणे बाकी. इथे मसुदा निश्चित उत्तर देत नाही, पण चर्चा योग्य प्रश्नावर नेतो. माझ्या मते प्रयत्न ठरावा. गेडिस: ज्या मुलाला डांबायचे तो मुलगाच अजून ठरलेला नाही, म्हणून प्रयत्न नाही. हे उत्तर नको असेल तर प्रयत्नाची व्याख्या ताणू नका. शाळेच्या आवारात असा उद्देश ठेवून शिरणे हा वेगळा गुन्हा करा. इंग्लंडने पुढे लैंगिक गुन्ह्यांसाठी तेच केले: २००३ च्या कायद्यात लैंगिक अपराधाच्या उद्देशाने अतिक्रमण हा स्वतंत्र अपराध आहे. २००७ मध्ये तिथल्या विधी आयोगाने प्रयत्नाचे दोन तुकडे करून ‘गुन्हेगारी तयारी’ असा सर्वसाधारण अपराध सुचवला होता, पण २००९ च्या अंतिम अहवालात तो विचार सोडून दिला. सगळ्या अपराधांना लागू होणारी तयारीची सर्वसाधारण कलमे लिहायला सोपी आणि वापरायला धोकादायक असतात. विशिष्ट अपराधाची विशिष्ट तयारी नेमकी पकडता येते.

आपल्या संहितेत हे जुनेच आहे: दरोड्याची तयारी हा स्वतंत्र अपराध आहे. नवी गोष्ट अशी की संघटित गुन्हेगारी (कलम १११) आणि दहशतवादी कृत्य (कलम ११३) यांत प्रयत्न आणि तयारीची कृती एकाच पोटकलमात, एकाच शिक्षेखाली आल्या: किमान ५ वर्षे ते जन्मठेप. त्या दोन प्रकरणांपुरती आपली रेषा निकामी झाली आहे. ते हवे की नको, हा वेगळा वाद. पण कलम ६२ सुधारताना १११ आणि ११३ तशीच ठेवली, तर ‘तयारी’ शब्दाचा अर्थ तिथे कुणीच सांगितलेला नाही, आणि आरोपीचे वकील ६२ मधली व्याख्या तिकडे नेऊ पाहतील.

मनःस्थितीच्या पोटकलमावर थोडे थांबावे लागेल, कारण चुका इथेच होतात. प्रयत्नाला उद्देश लागतो, हे सगळे मान्य करतात. पण कशाचा उद्देश? अपराधाचे तीन घटक वेगळे करा: कृती, परिणाम, परिस्थिती. कृती आणि परिणामाबद्दल उद्देशच हवा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा ‘प्रयत्न’ असू शकत नाही. परिस्थितीबद्दल मात्र उद्देश मागितला तर गंमत होते. बलात्कारात संमती नसणे ही परिस्थिती. आरोपी म्हणेल, ‘तिची संमती नसावी असा माझा उद्देश नव्हता, मला फिकीरच नव्हती.’ इंग्लंडच्या खान प्रकरणाने (१९९०) हे बरोबर नाकारले आणि परिस्थितीबाबत बेपर्वाई पुरते असे ठरवले. पोटकलम (४) तेच सांगते. बालकाच्या वयासारख्या, मनःस्थिती न लागणाऱ्या घटकांसाठी परंतुकातली किमान बेपर्वाई हा समतोल आहे. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी तिथे उघड अपवाद लिहावा, मौन पाळू नये. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अपराधांच्या कायद्याच्या, प्रकरणांत हे मौन सर्वांत महाग पडेल.

लैंगिक अपराधांच्या प्रयत्नात रेषाही सर्वांत जास्त झिजते. मध्य प्रदेश शासन विरुद्ध महेंद्र ऊर्फ गोलू (२०२१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्देश, तयारी, प्रयत्न आणि पूर्ती असे टप्पे मांडून, मुलींचे आणि स्वतःचे कपडे उतरवून पुढची कृती सुरू करणे हा प्रयत्नच, असे ठरवले. तरी मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका मुलीला धरून पायजम्याची नाडी तोडणे आणि पुलाखाली ओढत नेण्याचा प्रयत्न करणे याला बलात्काराचा प्रयत्न मानण्यास, तेही समन्सच्या टप्प्यावर, नकार दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्या आदेशाला स्थगिती दिली. वरच्या (क) ते (ग) ला हे लावा: सावजापर्यंत पोहोचणे झाले, बळाचा वापर सुरू, एकांतात नेणे हा योजनेचा भाग, थांबले ते माणसे आल्यामुळे. उत्तर लगेच निघते. कलमात बाबींची यादी असण्याचा खरा फायदा हा की समन्सच्या टप्प्यावरच्या न्यायाधीशाला कुठून विचार सुरू करायचा ते कळते.

अशक्यतेवर जास्त बोलायची गरज नाही, कारण रिकाम्या खिशाने प्रश्न मिटवला आहे. तरी तो मूळ मजकुरात आणावा. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९७३ मध्ये हॉटन विरुद्ध स्मिथ प्रकरणात, पोलिसांच्या ताब्यात परत आलेला माल ‘चोरीचा’ राहत नाही म्हणून आरोपीला सोडले. १९८१ च्या कायद्याने ते उलटवले. १९८५ मध्ये अँडर्टन विरुद्ध रायन प्रकरणात लॉर्ड्सनी तो कायदाच पुन्हा चुकीचा वाचला आणि वर्षभरात शिवपुरी प्रकरणात स्वतःचा निकाल फिरवला. मजकूर स्पष्ट असूनही हे झाले, केवळ उदाहरणांवर विसंबलेल्या मजकुराचे काय होईल? एक अपवाद मात्र ठेवता येतो: जी गोष्ट आरोपी गुन्हा समजतो पण कायद्यात ती गुन्हाच नाही, तिचा प्रयत्न असत नाही. तंत्रमंत्राने माणूस मारू पाहणाऱ्याचे काय, हा परीक्षेतला आवडता प्रश्न. जर्मन कलम २३ घोर अज्ञानातून केलेल्या अशक्य प्रयत्नाबाबत शिक्षा माफ किंवा कमी करण्याची मुभा देते. आपल्याला त्यासाठी वेगळे पोटकलम नको, शिक्षेच्या वेळचा विवेक पुरेसा.

माघार. आज आपल्याकडे प्रयत्न एकदा पूर्ण झाला की नंतरची माघार फक्त शिक्षा ठरवताना कामी येते. जर्मनीत कलम २४ प्रमाणे स्वेच्छेने थांबणाऱ्याला प्रयत्नाची शिक्षाच नाही. अमेरिकी नमुना संहितेत पूर्ण आणि स्वेच्छेची माघार हा बचाव आहे. इंग्लंड मात्र बचाव मानत नाही. माझा कल मर्यादित बचावाकडे आहे: पकडले जाण्याच्या भीतीने नव्हे, आणि अधिक सोयीची वेळ यावी म्हणून नव्हे, तर अपराध सोडून देऊन आरोपीने सुरू केलेली घटना स्वतः थांबवली असेल, तर प्रयत्नाची शिक्षा नको. पण तोवर झालेल्या दुसऱ्या अपराधाची शिक्षा राहील. दार फोडून आत शिरून परत फिरला, तर चोरीचा प्रयत्न नाही, गृहभेदन मात्र आहे. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, शक्यतेच्या प्राबल्याने, म्हणजे तसे घडले असण्याचीच शक्यता अधिक, एवढे दाखवून.

शिक्षेचे गणित तर मसुद्यात मांडूनच पाहावे. चोरीला कमाल ३ वर्षे, प्रयत्नाला दीड. फसवणूक करून मालमत्ता द्यायला लावण्याला ७, प्रयत्नाला साडेतीन. जन्मठेपेचे अर्धे काढायला कलम ६ प्रमाणे जन्मठेप २० वर्षे धरतात, म्हणजे १०. बलात्काराला किमान १० वर्षे ते जन्मठेप. त्याच्या प्रयत्नाला कमाल १०, आणि किमान काहीच नाही, कारण ६२ फक्त कमाल शिक्षेचे अर्धे सांगते, किमानाबद्दल गप्प आहे. म्हणजे पूर्ण अपराधाची किमान शिक्षा हीच प्रयत्नाची कमाल. हे मुद्दाम केले असेल तर ठीक. पण किमान शिक्षा असलेल्या प्रत्येक अपराधाचे असे कोष्टक न काढता ‘अर्धे’ हा शब्द नव्या मसुद्यात उचलू नये. इंग्लंडसारखी पूर्ण अपराधाइतकीच कमाल ठेवणे हा दुसरा पर्याय, पण ज्या संहितेत किमान शिक्षांची रेलचेल आहे तिथे तो अन्यायकारक ठरेल.

दोन किरकोळ गोष्टी. कृतीत बेकायदा अकृती येते हे कलम ३ च्या पोटकलम (४) मध्ये आहे, त्यामुळे पुन्हा लिहू नका; लिहिले तर इतर कलमांत ती येत नाही असा युक्तिवाद होतो. आणि प्रयत्न झाला की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न की कायद्याचा, हा वाद कॅनडा आणि न्यूझीलंडने कलमातच सोडवला आहे (तिथे तो कायद्याचा प्रश्न), कारण तिथे ज्युरी आहे. आपल्याकडे त्याची गरज नाही.

उरले परिणामी बदल. नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेचे, कलम २४५ पूर्ण अपराधाच्या आरोपाखाली प्रयत्नाबद्दल दोषी ठरवू देते. पोटकलम (५) त्याच्या उलट दिशेचे आहे, म्हणून दोन्ही एकत्र वाचून तपासावीत. त्याच प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ६२ चा अपराध दखलपात्र की नाही, जामीनपात्र की नाही, हे मूळ अपराधावरून ठरते. तयारीचे नवे अपराध घातलेत तर त्यांच्या नोंदी वेगळ्या कराव्या लागतील. आणि अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचे कलम २८, पॉक्सोचे कलम १८ यांत ‘प्रयत्नात केलेली कोणतीही कृती’ हीच जुनी भाषा बसलेली आहे. २८ तर प्रयत्नाला पूर्ण अपराधाचीच शिक्षा देते. एकाच आरोपीवर संहितेचे ६२ आणि पॉक्सोचे १८ असे दोन्ही आरोप लागतात, आणि फक्त ६२ बदलले तर एकाच साक्षीपुराव्यावर न्यायाधीशाला त्याच खटल्यात ‘प्रयत्ना’च्या दोन वेगळ्या व्याख्या लावाव्या लागतील. म्हणून व्याख्या ६२ मध्ये ठेवण्यापेक्षा साधारण खंड अधिनियमात (सर्व केंद्रीय कायद्यांना लागू होणाऱ्या व्याख्यांच्या कायद्यात) घालावी, आणि विशेष कायद्यांतल्या कलमांतून ‘अशा प्रयत्नात कोणतीही कृती करील’ हे शब्द त्याच दुरुस्ती विधेयकाच्या अनुसूचीने गाळावेत.